पावसाची तारीख चुकली की मंडळ सुटते

मा. संपादक,

खरिपात गावोगावच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांत आणि सेवा केंद्रांवर महसूल मंडळनिहाय पावसाच्या फाइली जोडून तक्ते केले जातात. पावसाचे आकडे बरोबर असतात, तारीखच घसरलेली असते. कास्तकाराच्या दृष्टीने ही चूक लहान नाही.

०५/०७/२०२४ म्हणजे आपली ५ जुलै. संगणकाचे रीजन अमेरिकेचे असेल तर एक्सेल तिला ७ मे समजते. १३ तारखेपासून पुढे मात्र तेरावा महिनाच नसल्याने नोंद मजकूर म्हणून तशीच राहते. त्यामुळे एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे, काही डावीकडे सरकलेल्या दिसल्या की थांबावे. उजवीकडच्या बहुधा उलटल्या आहेत. फाइल डबल क्लिक करून उघडू नये. एक्सेलमधल्याच पॉवर क्वेरी या डेटा आत घेण्याच्या साधनात घ्यावी, तिने आपोआप टाकलेली 'चेंज्ड टाइप' ही पायरी आधी पुसावी, मग रकान्याला 'युजिंग लोकेल'मधून तारीख आणि 'इंग्लिश (इंडिया)' द्यावे. 'चेंज्ड टाइप' पुसायची राहिली तर उलटलेलीच तारीख पुढे जाते.

वेळेचा घोळ याहून महाग पडतो. स्वयंचलित केंद्राच्या फाइलीत वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असेल तर आधी ५ तास ३० मिनिटे मिळवावी, तारीख नंतर काढावी. उलट केले की पहाटे साडेपाचच्या आतला पाऊस आदल्या दिवशी जाऊन बसतो. शिवाय हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी ८.३० ते दुसऱ्या सकाळी ८.३०, आणि तारीख मोजणीच्या दिवसाची. समजा, रात्री १० ते १२ मध्ये ४० मिमी आणि १२ ते ३ मध्ये ३० मिमी पडला. कॅलेंडरच्या दिवसाने बेरीज केली तर ४० आणि ३०. अतिवृष्टीची ६५ मिमीची रेषा कुठेच ओलांडली जात नाही आणि मंडळ अतिवृष्टीच्या यादीतून सुटते. साडेआठच्या हिशोबाने तोच पाऊस ७० मिमी होतो, आणि सोयाबीन तर त्या रात्रीच पाण्यात गेलेले असते.

तासागणिक नोंदी असतील तर भारतीय वेळेतून ८ तास ३१ मिनिटे वजा करून तारीख काढावी आणि तीत एक दिवस मिळवावा. ३० नव्हे, ३१, कारण ८.३० वाजताची नोंद सरलेल्या तासाची असते, ती नव्या दिवसात जाता कामा नये.

पावसाच्या फाइली देणाऱ्या यंत्रणांनी तारीख २०२४-०७-०५ अशी, वर्ष आधी लिहून द्यावी आणि वेळ भारतीय की यूटीसी हे रकान्याच्या मथळ्यातच छापावे, ही विनंती.

– एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ