फेब्रुवारीत मोजलेलं गाव

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत आमच्या गावावर पानभर लेख छापलात. गावाचं नाव पेपरात आलं म्हणून सकाळी पारावर तो मोठ्यानं वाचला गेला. ‘वांशिक विविधता जवळपास नसलेलं गाव’ या वाक्यापाशी वाचणारा पोरगा थांबला. तो तांड्यावरचा, म्हणजे गावाबाहेरच्या बंजारा वस्तीतला आहे. त्यानं पेपर घडी करून माझ्या हातात दिला आणि निघून गेला. म्हणून हे पत्र.

लेखकानं 2011 च्या जनगणनेतून गावाचा एकूण आकडा उचलला, त्यातून अनुसूचित जाती वजा केल्या, अनुसूचित जमातींच्या रकान्यात शून्य पाहिलं आणि उरलेलं गाव ‘मराठा व काही मुस्लिम’ असं एका ओळीत उरकलं. भटके-विमुक्त इथं नाहीतच, असंही लिहून टाकलं. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत येतो आणि विमुक्त जातींसाठी जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यात रकानाच नाही, एवढी साधी गोष्ट पाहायला हवी होती. तेच लोक तेलंगणात अनुसूचित जमातीत आहेत, कर्नाटकात अनुसूचित जातीत. धर्माचा आकडाही तालुक्यापर्यंतच छापला जातो, गावापर्यंत येत नाही. मग ‘काही मुस्लिम’ त्यांनी मोजले कुठं?

वेशीतून आत आलं की पहिलं घर घिसाड्याचं. विळे-खुरपी शेवटायला, म्हणजे धार काढून घ्यायला, अजून त्याच्याकडंच जावं लागतं. मागे वडारांची चार घरं. लेखकाचे ‘काही मुस्लिम’ म्हणजे एक पिंजाऱ्याचं घर, दोन मुलाण्यांची आणि एक अत्ताराचं. लिंगायत वाण्याचं दुकान, धनगरांची गल्ली, नदीच्या अंगाला वंजाऱ्यांची वाडी. वंजारी आणि बंजारा हे लेखकानं एका जागी एकच समजून लिहिलंय. बीड जिल्ह्यात हे कुणी शाळकरी पोरसुद्धा चुकत नाही. आणि गावापासून दीड किलोमीटरवर तांडा, चाळीसेक घरांचा.

त्या तांड्याची 2011 ची गणती मी केली आहे. तेव्हा मी शिक्षक होतो, प्रगणक म्हणून नेमणूक आली. 9 ते 28 फेब्रुवारी हे दिवस होते. आमच्याकडं फेब्रुवारीत तांड्यावर कोण असतं, हे बीडच्या माणसाला सांगायला नको. दिवाळीनंतर मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली सगळी जोडपी कोयते घेऊन साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेलेली. दारं ओढून कड्यांना तारा बांधलेल्या, काही दारांना बाभळीच्या काट्या लावलेल्या. उघड्या घरांत म्हातारी माणसं आणि हंगामी वसतिगृहामुळं मागं राहिलेली पोरं.

एका ओसरीवर एक याडी, म्हणजे म्हातारी आई, बसली होती. फेटिया (घागरा) घातलेली, हातात कोपरापर्यंत बलिया (बांगड्या), शेजारी तीन नातवंडं. तिचं नाव लिहिलं, पोरांची लिहिली. मुलाचं आणि सुनेचं नाव तिनं सांगितलं तेव्हा माझा पेन थांबला. जो माणूस त्या वीस दिवसांत एकदाही घरी नाही, त्याची नोंद तिथं करायची नाही, तो जिथं सापडेल तिथं होईल, असा नियम. मी तिला तसं समजावलं. ती म्हणाली, “घर हितं, लेकरं हितं, मतदान हितं. मंग त्यो कुठला म्हनायचा, गुरुजी?” मला उत्तर देता आलं नाही. मी पुढचा प्रश्न विचारला, मातृभाषा कोणती. “गोरमाटी,” ती म्हणाली. मी फॉर्मवर बंजारी लिहिलं. पुढं भाषांचे तक्ते निघाले तेव्हा कळलं की बंजारी आणि लमाणी या दोन्ही हिंदीच्या पोटात घातल्या आहेत. त्या याडीला हिंदीत पाणी मागता येत नव्हतं.

गुढीपाडव्याला तिचा मुलगा परत आला, तेव्हा मी मुद्दाम विचारलं, तिकडं कोपीवर, ऊसतोड्यांच्या पालावर, कुणी मोजायला आलं होतं का? “फडात कोन येतंय, गुरुजी?” एवढंच तो म्हणाला. म्हणजे इथं माझ्या हातानं सुटला आणि तिथं कुणी गाठला नाही. तीन पोरांचा बाप, त्या वर्षीच्या हिंदुस्थानात तो नव्हताच. हे चौदा-पंधरा वर्षं माझ्या मनातून गेलेलं नाही आणि काल तुमच्या लेखानं तोच आकडा ‘गावाचं खरं चित्र’ म्हणून छापला. तांडा वस्ती सुधार योजनेचा निधीसुद्धा लोकसंख्येच्या टप्प्यांवर ठरतो. माणसं कागदावर कमी झाली की रस्ता आणि पाण्याची टाकी पण कमी होते.

आता पुढची जनगणना यायची आहे. या वेळी सगळ्यांची जात विचारली जाणार, असा निर्णय 30 एप्रिल 2025 ला झाला. संदर्भ तारीख ठरली आहे 1 मार्च 2027, माणसं मोजायची फेब्रुवारीत. पुन्हा फेब्रुवारी, पुन्हा गाळप हंगाम! जातीचा रकाना येईल, पण ज्याची जात लिहायची तो माणूस पुन्हा उसाच्या फडात असेल. आपल्या पेपरला गावांच्या रचनेची काळजी असेल तर यावर लिहा. प्रत्येक कारखान्याच्या हद्दीत कोप्यांवर जाऊन मोजणारे वेगळे प्रगणक द्या आणि मूळ गावाचं नाव नोंदवून घ्या, ही मागणी आत्तापासून लावून धरा. प्रशासन ऐकतं ते पेपरचं, निवृत्त मास्तराचं नाही.

आणखी एक. लेखात ‘गावाच्या पूर्वेला महारवाडा’ असं छापलंय. वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर 2020 मध्ये केला. आमच्या ग्रामपंचायतीनं ठराव घेऊन भीमनगर अशी पाटी लावली, ती रस्त्यावरून दिसते. तुमच्या फोटोग्राफरनं त्याच पाटीसमोर मोटारसायकल लावली होती. ही दुरुस्ती तरी त्याच पुरवणीत, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी.

लेखकाला पुन्हा यायचं असेल तर श्रावणात तीजेला यावं. तेव्हा तांडा भरलेला असतो, पोरी टोपल्यांत गहू रुजवतात, रात्रभर गाणी चालतात. राहायची सोय माझ्या घरी होईल. दोन दिवस लागतील मोजायला.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. धारूर, जि. बीड