'होम अलोन २'ला नक्कल म्हणण्याआधी

महोदय,

नाताळच्या सुटीत मुलांना दाखवण्याजोग्या चित्रपटांची यादी आपल्या रविवार पुरवणीत वाचली. त्यात 'होम अलोन'चा दुसरा भाग 'पहिल्याचीच नक्कल, फक्त गाव वेगळं' असं म्हणून एका ओळीत निकालात काढला आहे. १९९२चा हा चित्रपट पहिल्याच्याच मापावर बेतलेला आहे, यात वाद नाही. पटकथाकार जॉन ह्यूज आणि दिग्दर्शक ख्रिस कोलंबस यांनी १९९०च्या चित्रपटातला प्रसंगांचा क्रमसुद्धा फारसा हलवलेला नाही. आदल्या रात्रीचं भांडण, माळ्यावरची शिक्षा, सकाळची धांदल, घरच्यांपासून हरवलेला छोटा केविन, तेच दोन चोर, सापळे आणि शेवटी आई. तरीही केविन हरवतो कसा, एवढं जरी नीट पाहिलं, तरी 'नक्कल' हा शब्द अपुरा वाटतो.

अशा कथेत मूल हरवणं हाच सगळ्यात अवघड भाग. आईवडील बेफिकीर वाटले की प्रेक्षक हसायचा थांबतो. म्हणून पहिल्या भागात तीन गोष्टी एकत्र जुळवल्या होत्या: रात्री वीज गेल्याने गजर झाला नाही, डोकी मोजताना शेजारचा मुलगा मोजला गेला आणि केविनचं तिकीट सांडलेलं दूध पुसताना कचऱ्यात गेलं. दुसऱ्या भागात गजर पुन्हा चुकतो, पण या खेपेला मोजदाद बरोबर आहे. केविन गाडीत आहे, विमानतळावरही आहे. गडबड होते ती शिकागोच्या ओहेअर विमानतळावर धावताना. टॉकबॉय या टेपरेकॉर्डरचे सेल संपलेले, म्हणून तो वडिलांची बॅग मागून घेतो, सेल बदलायला थांबतो आणि मान वर करतो तेव्हा वडिलांसारखाच कोट घातलेल्या भलत्याच माणसाच्या मागे लागतो. विमानात चढताना तो कर्मचारी महिलेवर आदळतो, बोर्डिंग पास विखुरतात आणि त्याचा पास कुणी वाचतच नाही. घरचे मायामीला, हा न्यूयॉर्कला. पास यंत्राखाली धरायच्या आजच्या काळात हा प्रसंग लिहिताच आला नसता.

खरी हुशारी त्या बॅगेत आहे. सेल असलेल्या बॅगेतच वडिलांचं पाकीट, रोकड आणि क्रेडिट कार्ड आहे. म्हणजे ज्या वस्तूपायी मूल हरवलं, तिच्यातूनच त्याचा न्यूयॉर्कचा खर्च निघतो. पुढे कार्डाची खबर पोलिसांकडे गेल्यावर तेच कार्ड त्याला प्लाझा हॉटेलात अडकवतं आणि त्याच खबरीतून आईला त्याचा ठावठिकाणाही लागतो. एक वस्तू, चार कामं. आपल्याकडे बालचित्रपट लिहिणाऱ्यांनी हा भाग वही घेऊन बघावा. (खोलीवर मागवलेल्या खाण्याचं बिल ९६७ डॉलर होतं, हा त्या कार्डाच्या गमतीचा शेवटचा हप्ता.)

टॉकबॉयचंही तसंच. फीत सावकाश फिरवली की आवाज जाड होतो. वेग निम्मा केला तर बरोबर एक सप्तक खाली उतरतो. सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर गाणी ऐकलेल्या पिढीला हे समजावून सांगायला नको. दहा वर्षांचा मुलगा फोनवर वडिलांच्या आवाजात खोली राखून ठेवतो, ती याच जोरावर. मुळात ही फक्त चित्रपटातली वस्तू होती. मागणी वाढल्यावर १९९३मध्ये वेग कमी करणारं मॉडेल दुकानात आलं.

सापळ्यांबद्दलही थोडं. पहिल्या भागात केविन स्वतःचं घर वाचवतो, त्यामुळे सामान घरातलं: इस्त्री, नाताळच्या सजावटीचे काचेचे गोळे, रंगाचे डबे. दुसऱ्यात तो चोरांना काकांच्या दुरुस्तीला काढलेल्या रिकाम्या घरात ओढून आणतो, म्हणून सामान बांधकामाचं: विटा, स्टेपल गन, वेल्डिंग मशीन, रॉकेल. जिन्यावरचा प्रसंग तर खास बघावा. दोरीला बांधलेले रंगाचे डबे झुलत येतात. मागच्या वेळी त्यांनीच तोंड फुटलेलं असल्यामुळे चोर या वेळी दोन्ही डबे चुकवतात, खूश होऊन उभे राहतात आणि मग लोखंडी पाइप येऊन दोघांना आडवं करतो. ज्याने पहिला भाग पाहिलेला नाही, त्याला हा विनोद अर्धाच कळतो. हे नक्कल करून जमत नाही.

नक्कल आहे ती दुसरीकडे. कबुतरांना दाणे घालणारी एकटी बाई म्हणजे पहिल्या भागातल्या शेजारच्या म्हाताऱ्याचीच जागा; भीती, मैत्री, उपदेश, सगळं त्याच क्रमाने. ब्रेंडा फ्रिकरच्या अभिनयामुळे ते सुसह्य होतं, इतकंच. आणि विटा! गच्चीवरून एकाच्याच डोक्यात चार. उंची बारा मीटर धरली तर नुसती सोडलेली वीटही खाली येईपर्यंत ताशी पंचावन्न किलोमीटरच्या आसपास वेग घेते. तिथे मार्व्ह या चोराचं 'आई गं' ऐकून हसू येण्याऐवजी पोटात गोळा येतो.

म्हणूनच यादीत वयाची सूचना हवी होती. सहा-सात वर्षांच्या मुलांसोबत मोठ्यांनी बसावं आणि दोन ठिकाणी चित्र थांबवून बोलावं. एक, रॉकेल भरलेल्या कमोडमध्ये चोर पेटलेलं डोकं बुडवतो तो प्रसंग. दुसरा, नळांना वेल्डिंग मशीन जोडलेला. ओल्या हातांतून प्रवाह गेला की स्नायू आखडतात आणि पकड सुटत नाही, हे पडद्यावर बरोबर दाखवलंय. मात्र नंतर मार्व्ह उठून चालायला लागतो, ते साफ खोटं. मुलं विटा फेकणार नाहीत कदाचित, पण वायर आणि काडेपेटी प्रत्येक घरात असते.

एक दुरुस्तीही छापावी. चित्रपटात दिसणारं खेळण्यांचं भव्य दुकान न्यूयॉर्कमध्ये जाऊन बघता येत नाही. त्याचा दर्शनी भाग म्हणजे शिकागोची १८८८ साली पूर्ण झालेली रूकरी इमारत. प्लाझा हॉटेल मात्र खरंच न्यूयॉर्कचं आहे, आणि लॉबीचा रस्ता दाखवणारे गृहस्थ त्या वेळचे त्याचे मालक, डोनाल्ड ट्रम्प.

आपला,
एक वाचक, पुणे