मंजूर केलेले प्रूफ एक, छापलेले पुस्तक दुसरे

दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६
सोलापूर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
लेखक सेवा विभाग

विषय : मंजूर प्रूफाऐवजी दुसरीच फाइल छापल्याबद्दल, तसेच सर्व ३०० प्रती परत घेऊन पुस्तक नव्याने छापून देण्याबाबत.

महोदय,

२ फेब्रुवारीला तुमच्या कार्यालयातून मला मेसेज आला. प्रकाशनाबद्दल अभिनंदन, सध्या काय लिहिताय, पुढचे हस्तलिखित कधी देताय, जुन्या लेखकांना दहा टक्के सवलत आहे, असा. त्याआधी १४ आणि २१ जानेवारीला मी दोन ईमेल पाठवले होते. त्यांना मिळून तुमचे उत्तर एका ओळीचे होते : ‘फाइल कन्व्हर्ट होताना किरकोळ बदल होतात, आणि अंतिम प्रूफला मंजुरी आपणच दिली आहे.’ म्हणून आता रीतसर तक्रार लिहून देत आहे. सध्या काय लिहिते आहे तेही यातच सांगते, कारण त्या प्रश्नाचे उत्तर या तक्रारीतच आहे.

पुस्तक कशाचे आहे ते तुमच्याकडे कुणी वाचले असेल असे मला वाटत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आणि गिरणगावातल्या १९ जणांच्या आठवणी त्यात आहेत. कुणी गिरणीत तिसऱ्या पाळीला होते, कुणी यंत्रमागावर जॅकार्डच्या, म्हणजे विणूनच नक्षी काढलेल्या, चादरी काढल्या, कुणी घरी बसून कांड्या, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायच्या नळ्या, भरल्या. १८७७ साली स्थापन झालेल्या जुन्या मिलबद्दल आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी आहेत. मे १९३० मधल्या मार्शल लॉच्या, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व कुर्बान हुसेन यांच्या घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या आठवणी आहेत. हे जमवायला मला सहा वर्षे लागली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी दुसरे फारसे काही केलेले नाही.

सुरुवातीची प्रकरणे मी भवानी पेठेतल्या एका डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतली होती. पुढे ती युनिकोडमध्ये बदलून घेतली आणि ओळ न् ओळ मूळ वह्यांशी ताडून पाहिली. तुमच्याकडे मी दोन्ही फोल्डर दिले. एकावर ‘जुने, वापरू नये’ असे स्पष्ट लिहिले होते. तुमच्या ४८,५०० रुपयांच्या योजनेत दोन वेळा मुद्रितशोधन, मांडणी, मुखपृष्ठ आणि डेमी आकाराच्या २०८ पानांच्या ३०० प्रती होत्या. शिलाई सेक्शनची, म्हणजे पानांचे गठ्ठे दोऱ्याने शिवलेली, असेल असे करारात लिहिले आहे. १८ डिसेंबरला तुम्ही पाठवलेले अंतिम प्रूफ मी तीन दिवस वाचले, सात दुरुस्त्या कळवल्या, त्या झाल्याचे पाहिले आणि मगच मंजुरी दिली. ती पीडीएफ माझ्याकडे आहे. छापलेले पुस्तक त्या पीडीएफचे नाही.

पुस्तके ११ जानेवारीला रात्री साडेनऊला ट्रान्सपोर्टच्या गोदामातून रिक्षाने घरी आली. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे दिवस, अर्धे रस्ते बंद. दुसऱ्या दिवशी त्या चौघांचा हुतात्मा दिन, म्हणून प्रकाशन मुद्दाम त्याच दिवशी ठेवले होते. मी एक पेटी उघडली, मुखपृष्ठ छान वाटले, हळदीकुंकू वाहून ठेवून दिली. आत पाहिले नाही याचे मला आजही वाईट वाटते.

कार्यक्रमाला पुस्तकातले अकरा जण आले होते. त्यातले सगळ्यात वयस्कर गृहस्थ ८६ वर्षांचे आहेत, चाळीस वर्षे माग चालवलेले. त्यांची नात सातवीत शिकते. आजोबांच्या प्रकरणातला उतारा तिने वाचायचा असे ठरले होते. तिने सुरुवात केली, ‘तिसया पाळीचा भोंगा झाला...’ आणि थांबली. पुन्हा वाचले, पुन्हा ‘तिसया’. मग पुढे गेली. ‘ताण्यातून घोटा सुटला की आवाजावरून कळायचे.’ आजोबा पुढच्या रांगेत होते. त्यांना कमी ऐकू येते, पण हे ऐकू आले. ‘धोटा, बाळ, धोटा,’ ते म्हणाले. धोटा म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांतून आडवा धागा नेणारे मागाचे साधन. ती म्हणाली, ‘ताता, इथं घोटाच लिहिलंय.’ त्यांनी पुस्तक मागून घेतले, डोळ्यांजवळ धरले आणि त्या शब्दावर बोट ठेवून बराच वेळ बसले. मग माझ्याकडे पाहून इतकेच विचारले, ‘मी असं सांगितलं होतं का ओ बाई?’

त्या प्रश्नाला मी काय उत्तर द्यायला हवे होते ते तुम्ही सांगा.

नंतरच्या आठवड्यात मी मंजूर प्रूफ आणि पुस्तक शेजारी ठेवून सगळी २०८ पाने तपासली. दोन वेगळ्या चुका एकात एक मिसळल्या आहेत. पहिली फॉन्टची. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. बदलताना एखाद्या तुकड्याची जोडी तक्त्यात नसली की तो गळतो. इथे ऱ् गळला आहे. त्यामुळे तिसऱ्याचा तिसया, म्हाताऱ्यांचे म्हातायांचे, प्रभातफेऱ्यांच्या प्रभातफेया झाल्या. अशा २१४ जागा मी मोजल्या. दोष फक्त जुन्या फोल्डरमधल्या प्रकरणांत आहे, म्हणजे ‘वापरू नये’ लिहिलेला फोल्डरच वापरला गेला. तुमच्या मांडणी विभागातल्या मुलाने फोनवर हे कबूलही केले. कामाचा ताण होता म्हणाला, आवाज रडवेला होता. त्याच्यावर कारवाई करू नका. फाइल छापायला जाण्याआधी ती मंजूर प्रूफाशी ताडून पाहणारे माणूस तुमच्याकडे नाही, हा दोष त्याचा नाही.

दुसरी चूक मला जास्त लागली. कुणीतरी, बहुधा एखाद्या सॉफ्टवेअरने, ओळखीचे न वाटणारे शब्द ‘सुधारले’ आहेत. धोट्याचा घोटा तिथला. मागावरची फणी, सुताला द्यायची खळ हे शब्द शाबूत राहिले, पण कांड्यांच्या काड्या झाल्या. ‘आईने रात्रभर काड्या भरल्या’ असे वाक्य आता माझ्या नावावर छापलेले आहे. तेलुगूत आजोबांना ताता म्हणतात. पुस्तकभर त्यांचा तात्या झाला आहे. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत बोलल्या जातात. पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या, घरातल्या आजोबांना तात्या केले की त्या घराचा पत्ताच बदलतो.

आणि बोली. पान ४७ वर एक जुना कामगार नवख्या पोरावर ओरडतो : ‘काय करलालास बे, धोटा बघ की!’ पुस्तकात छापले आहे : ‘काय करत आहेस? घोटा पाहा.’ ही माणसे असे बोलत नाहीत. मी त्यांच्या दारात बसून, चहा पीत, परवानगी घेऊन जे ऐकले तेच लिहिले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण ती विणणाऱ्याच्या तोंडचा शब्द जपायला पुस्तकाशिवाय दुसरी जागा नाही.

शिलाईचेही सांगते. सेक्शनची शिलाई नाही, नुसता गोंद आहे. पुस्तक सपाट उघडले की सोळा-सतरा पानांपासून कागद सुटतो. माझ्याकडच्या प्रतीची नऊ पाने हातात आली आहेत.

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. सध्या तीन कामे चालू आहेत. एक, बार्शी आणि मंगळवेढा भागातल्या जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. ओव्या माझ्या सहकारी शिक्षिकेने जमवल्या आहेत, संपादन मी करते. दुसरे, मागावरच्या शब्दांचा छोटा कोश, ३४० शब्द झाले आहेत. धोटा त्यात अर्थातच आहे. तिसरे, कुंभारीच्या वसाहतीतल्या विडी कामगार बायकांवरचा लेख गेल्या दिवाळी अंकात आला, त्याचे पुस्तक करायचे आहे. त्या अंकाच्या संपादकांनी एका शब्दासाठी रात्री दहाला फोन केला होता. ‘सुपात’ ठेवू की ‘सुपावर’, असे विचारायला. लेखाचे मानधन फार नव्हते, पण तो फोन माझ्या लक्षात राहील. यांपैकी कोणतेही काम मी आज तुमच्याकडे देऊ शकत नाही. ओव्यांमध्ये ‘सुधारण्यासारखे’ शब्द किती आहेत ते तुमच्या सॉफ्टवेअरच्या हाती देऊन पाहण्याची माझी हिंमत नाही.

माझी मागणी अशी आहे. १८ डिसेंबरच्या प्रूफावरून, मी कळवलेल्या सात दुरुस्त्यांसह, पुस्तक पुन्हा छापावे, सेक्शनच्या शिलाईने, तुमच्या खर्चाने. छापण्याआधी प्रत्येक फॉर्मची, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्याची, छापील प्रूफे माझ्याकडे यावीत. पडद्यावर पाहून मी आता मंजुरी देणार नाही. दुरुस्त आवृत्ती असल्याचे आतल्या पानावर लिहावे. ३०० पैकी ११२ प्रती लोकांकडे गेल्या आहेत, कुणी नेल्या त्याची वही माझ्याकडे आहे. त्यांना नवी प्रत देण्याचे काम मी स्वतः करीन, रिक्षाभाडे मागणार नाही. ऑनलाइन विक्री आजपासून थांबवावी. १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात प्रत पाठवणे प्रकाशक म्हणून तुमच्याकडे आहे. ही आवृत्ती अजून गेली नसेल तर पाठवू नका, आणि गेली असेल तर दुरुस्त प्रत पाठवून तसे कळवा. पन्नास वर्षांनी एखादी मुलगी तिथे बसून ‘घोटा’ लिहून घेईल, ही कल्पना मला सहन होत नाही.

कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने लेखकाला त्याच्या मजकुराची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा हक्क दिला आहे. सेवेतल्या त्रुटीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोगाकडे जाता येते, आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही नाही. मला तिकडे जायचे नाही. माझे वय आणि वेळ मला वर सांगितलेल्या तीन कामांना द्यायचा आहे. पण पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी जाईन, आणि पान ४७ च्या दोन्ही प्रती घेऊन जाईन.

पत्रासोबत मंजूर प्रूफ, करार, पावती आणि २१४ जागांची पानवार नोंद जोडली आहे. उरलेल्या १८८ प्रतींच्या पेट्या माझ्या पुढच्या खोलीत आहेत. न्यायला गाडी पाठवाल तेव्हा आधी फोन करा. दुपारी दोन ते चार मी वाचनालयात असते. त्या ८६ वर्षांच्या आजोबांना पुढच्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. पट्टी निघेल तेव्हा नवी प्रत त्यांच्या हातात द्यायची आहे.

आपली,
पुस्तकाची लेखिका व आपली ग्राहक
साखर पेठ, सोलापूर