लाल शेवाळ ओळखायला डीएनए हवाच, पण मायक्रोस्कोप पण हवा

मा. संपादक,
स.न.

तुमच्या पेपरात समुद्री शेवाळावरचा लेख वाचला, खूप बरं वाटलं कारण या विषयावर सहसा कोणी लिहीतच नाही. पण त्यात "डीएनए टेस्ट आली, आता मायक्रोस्कोपची गरज उरली नाही" असं जे वाक्य आहे ते अजिबात पटलं नाही, म्हणून लिहितोय.

लाल शेवाळ नुसतं बघून ओळखणं अवघडच आहे हे मान्य. नावाला लाल, पण उथळ पाण्यात ऊन लागलं की पिवळट, तपकिरी, कधी हिरवटसुद्धा दिसतं. एकच जात लाटांच्या माऱ्यात आखूड राहते आणि शांत पाण्यात लांब सुटसुटीत वाढते, उलट ग्रॅसिलारिया आणि ग्रॅसिलारिऑप्सिस हे लाल शेवाळाचे दोन वेगळे गट पण बाहेरून दोन्ही दोऱ्यासारख्या, मग मादी रोपावरचे बारीक फुगवटे शोधायचे, ब्लेडने पातळ काप काढायचा आणि आत नळीसारख्या पेशी दिसतात का ते बघायचं. मादी रोप मिळालंच नाही तर? तिथे डीएनए खरंच कामाला येतो. 2005 मध्ये शेवाळाचे अभ्यासक गॅरी सॉन्डर्स यांनी मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जीनचा छोटा तुकडा लाल शेवाळाच्या जाती वेगळ्या करायला वापरून दाखवला, सोबत क्लोरोप्लास्टमधला आरबीसीएल जीनही बघतात.

पण डीएनए एवढंच सांगतो की हे दोन नमुने वेगळे आहेत. त्यातल्या कुठल्याला कुठलं नाव द्यायचं हे तो कसं सांगणार? नाव बांधलेलं असतं हर्बेरियममधल्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) मूळ नमुन्याला, आणि तो बरेचदा शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कागदावर दाबून वाळवलेला असतो. त्यातून डीएनए निघाला तर उत्तमच, काही जुन्या नमुन्यांतून तो काढलाही गेलाय, पण नाही निघाला तर शेवटी रचनाच ताडून बघावी लागते. शिवाय डेटाबेसमध्ये चुकीच्या नावाने टाकलेले सिक्वेन्सही (डीएनएमधल्या अक्षरांचे क्रम) आहेत, त्यांच्याशी आपला नमुना जुळला की तीच चूक आपण पुढे नेतो.

आणि शेवाळाच्या ब्रिटिश अभ्यासक कॅथलीन ड्र्यू-बेकर यांना कसं विसरायचं! शिंपल्यात वाढणारे बारीक गुलाबी धागे, कॉन्कोसेलिस, ही वेगळीच जात समजली जायची. ती नोरीवाल्या (जपानी लोक खातात त्या) पोर्फायरा या लाल शेवाळाचीच एक अवस्था आहे हे त्यांनी 1949 मध्ये दाखवलं, तेही डीएनए टेस्ट नसताना, बीजाणू वाढवून आणि धीराने बघून. त्याच पोर्फायराचे पुढे 2011 मध्ये डीएनएच्या आधाराने तुकडे झाले आणि बऱ्याच जाती पायरोपिया या वेगळ्या गटात गेल्या. दोन्ही कामं तितकीच मोठी.

माझी कळकळीची विनंती एवढीच की पुढच्या वेळी "नवीन जात सापडली" अशी बातमी छापाल तेव्हा सिक्वेन्स कुठला बघितला, नमुना दाबून कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवला आणि कापात काय दिसलं हे तिन्ही विचारा. आणि ते मायक्रोस्कोपचं वाक्य दुरुस्त करून छापता आलं तर नक्की छापा.

आपला,
एक नियमित वाचक