ओलं छत मिटू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पिकअपच्या हौद्यावर बसवायच्या फिरत्या घरांवरचा लेख वाचला. खर्च किती येतो, गादी कशी, ओटा कुठे, हे सगळं छान आलं होतं. पण घर बांधून झाल्यावर ते टिकवायचं कसं, यावर त्यात एक ओळसुद्धा नव्हती. परभणीत आमचं ताडपत्र्या आणि मांडवाच्या कनाती शिवायचं दुकान आहे. वडिलांच्या हाताखाली मी लहानपणापासून मशीनवर बसले. तीन वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या पिकअपवरच्या अशाच घराची कनात मी शिवली. पुढे ती बुरशीने खाल्ली आणि मला पुन्हा शिवावी लागली. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

ज्यांनी असं घर पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. गाडी चालताना छत खाली बसलेलं असतं, त्यामुळे वारा कमी धरतो आणि रस्त्यावरच्या बाभळीच्या फांद्या वर घासत नाहीत. मुक्कामाला छत वर ढकलायचं. डिकीला असतात तसे गॅसचे शॉकअप ते उचलून धरतात आणि छत व हौद्याच्या मधे चारी बाजूंनी दीड-दोन फुटांची कापडाची भिंत ताणली जाते. तिला इंग्रजीत काहीही म्हणोत, आमच्या दुकानात ती कनातच. पत्रा, लाकूड, बॅटरी यांचं काही बिघडलं तर गावोगाव मिस्त्री मिळतात. कनातीकडे मात्र कोणाचं लक्ष नसतं, आणि घर पहिल्यांदा तिथूनच जातं.

भाऊ एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला. त्या वर्षी आश्विनात तो आणि भावजय माहूरला निघाले. वाटेत सहस्रकुंडचा धबधबा पाहिला. रात्री किनवटच्या बाजूला मुक्काम होता आणि परतीच्या पावसाने पहाटेपर्यंत झोडपलं. सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. भावाने छत तासभर उघडं ठेवायचं म्हटलं, तर वाहनतळावरच्या माणसाने ऐकलं नाही. "इथं तंबू ठोकायला परवानगी न्हाई, गाडी काढा," एवढंच. ओली कनात तशीच आत दाबून छत मिटलं आणि दोघं पुढे गेले. घरी आल्यावर गाडी शेडमध्ये लागली. माझे नवरात्राचे मांडव चालू होते, त्याच्याकडे सोयाबीनची काढणी होती. गाडी उघडली ती थेट दिवाळीनंतर.

दार उघडताच कुबट वासाने भावजय मागे सरली. छत वर गेलं तेव्हा कनातीच्या प्रत्येक घडीवर खसखस सांडावी तसे काळे ठिपके बसलेले होते. घडीच्या बाहेरचं कापड पांढरं, घडीतलं काळं. मी शिवणीत नख घालून हलकं ओढलं, तर दोरा पिकल्यासारखा तुटून हातात आला. साबणाने धुतलं, उन्हात घातलं, डाग फिके झाले. कापडातला जीव मात्र गेला होता. बुरशी सुती कॅनव्हासवर नुसती बसत नाही, ती सूतच खाते. वडील सुती दोरा वापरत, कारण भिजल्यावर तो फुगतो आणि सुईची भोकं बुजवतो. तंबू रोज उघडा उभा असतो तोवर ते बरोबर आहे. मिटून ठेवायच्या घरात तोच दोरा आधी कुजतो. दुसऱ्या वेळी मी सूत आणि पॉलिस्टर मिश्र कापड घेतलं, दोरा पूर्ण पॉलिस्टरचा घेतला आणि शिवणी आतून मेणाने बुजवल्या. नवं कापड एकदा नीट भिजवून, ताणून वाळवलं आणि मगच वापरायला दिलं. तसं केल्याने वीण बसते आणि सुरुवातीची गळती थांबते.

पाऊस पडलाच नाही तर कनात कोरडी, असं लोकांना वाटतं. पण परभणीची थंडी सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबरातल्या रात्री दोन माणसं आत झोपली की त्यांच्या श्वासाचीच वाफ थंड कापडावर जमते. त्यात आत चहा केला, भात लावला की भर पडते. एक किलो गॅस जळाला की साधारण दीड किलो पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं, हे भावाने सांगितलं तेव्हा मीही चकित झाले होते. सकाळी कनातीवरून आतल्या बाजूने हात फिरवून बघा, तळवा ओला होतो. म्हणून थंडीतसुद्धा रात्री समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्यात आणि निघण्याआधी उन्हात तासभर छत वर असू द्यावं. ओली मिटावीच लागली, तर त्याच दिवशी संध्याकाळच्या आत कुठेतरी पुन्हा उघडावी. "दोन दिवसांनी बघू" असं म्हणू नये.

मिटताना दार उघडं ठेवा. आतली हवा निघून जाते आणि कापड फुगून बाहेर येत नाही. एकाने छत ओढावं, दुसऱ्याने भोवती फिरून कनात हाताने आत सारावी. चारी कोपरे डोळ्यांनी बघावेत. कोपऱ्यात कापड चिमटलं की तिथेच फाटतं, आणि कोपऱ्याचं ठिगळ नीट बसवायला अख्खा दिवस जातो. चेन अडायला लागली तर तेल घालू नका, तेलाला धूळ चिकटते. साधी मेणबत्ती घासा. धुवायला सौम्य साबण, साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. ब्लिचिंग पावडर, गरम पाणी, पेट्रोल यांनी जलरोधक लेप निघून जातो. मग लेप नव्याने द्यावा लागतो.

आता उन्हाचं. आपल्याकडे पारा 43-44 अंशांवर जातो आणि त्या उन्हात कापड, रेक्झिन, खिडक्यांचे रबर सगळंच तडकतं. म्हणून गाडी सावलीत हवी. पण लोक घाबरून वरून ताडपत्री गच्च आवळून बांधतात. ताडपत्री विकणारी मीच सांगते, तसं बांधू नका. खाली बांबूचे दोन-तीन तुकडे आडवे टाका, वारा खेळू द्या. महिन्यातून एकदा तरी सकाळच्या कोवळ्या उन्हात छत वर करा. सुगीनंतर तर आठवड्याने बघा, कारण शेतातले उंदीर घराकडे येतात आणि मिटलेली कनात म्हणजे त्यांना तयार बिछाना.

छताचंही एक सांगते. झरोक्याच्या कडेला एका फॅब्रिकेटरने नळीतलं सिलिकॉन फासून दिलं होतं. वर्षाने ते सुटलं आणि पाणी आतल्या प्लायमध्ये शिरलं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. भावाने बोटाच्या पेराने ठोकत नेलं, तर एका ठिकाणी आवाज बद्द आला. सिलिकॉनच्या थरावर नंतर दुसरं काही चिकटत नाही, त्यामुळे तासन् तास खरवडावं लागलं. आता झरोक्याच्या चौकटीखाली ब्युटाइलची, म्हणजे चिकट रबराची पट्टी आहे आणि वरून छतासाठीचा सीलंट. मृग लागायच्या आत एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा तो शिडी लावून प्रत्येक सांधा बघतो.

शॉकअपबद्दल भावाचं म्हणणं असं की छतावर नंतर सोलर पॅनल वाढवलं तर वजनाप्रमाणे शॉकअपही बदलावेत. थंडीत छत थोडं जड उठलं तर तो बिघाड नसतो, थंडीने आतल्या गॅसचा दाब कमी होतो. छत मिटलेलं असताना शॉकअप कधीही खोलून काढू नयेत, दबलेला असताना तो जोरात उसळतो. छताखाली काम करताना लोखंडी टेकू लावावाच. हौद्याला घर धरून ठेवणारे ताण-बोल्ट निघाल्यावर पहिल्या 50 किलोमीटरनंतर थांबून तपासावेत. आणि गॅस ठेवला असेल तर तळाची जाळी धूळ येते म्हणून चिंध्यांनी बुजवू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो आणि बाहेर पडायला त्याला तीच वाट असते. गाडीत कायमचा बदल करणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आधी समजून घ्या आणि आरटीओत विचारूनच कामाला हात घाला.

पण माझी खरी मागणी वेगळी आहे. राज्य शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे अशाच फिरत्या घरांतून होणाऱ्या पर्यटनाचं धोरण आणलं. तुळजापूर, माहूर, औंढा, परळी, वेरूळ, मराठवाड्यात माणूस जातो तो या ठिकाणी, आणि सगळीकडे वाहनतळ आहेत. तिथे एका कोपऱ्यात, सकाळी तास-दोन तास, छत वर करून कनात वाळवायला मुभा द्यावी. त्यासाठी ना वीज लागते ना बांधकाम. हवं तर पार्किंगचे पैसे दुप्पट घ्या, आम्ही आनंदाने देऊ. त्या सकाळी भावाला एक तास मिळाला असता, तर माझ्या हातची पहिली कनात आजही त्या गाडीवर असती.

पुढच्या महिन्यात दोघं येलदरीला निघणार आहेत. जुन्या कनातीचा काळा पडलेला तुकडा मी दुकानात खिळ्याला अडकवून ठेवला आहे. कोणी असं घर बांधायला घेणार असेल, तर आधी येऊन तो हातात घेऊन बघावा. मापाचा कागदही मी देईन, त्याचे पैसे घेणार नाही.

आपली नम्र,
ताडपत्री शिवणारी एक वाचक, परभणी