मोचा आणि डबल बेल

सोनू,

काल व्हिडिओ कॉलवर तू रडलीस ते कळलं बरं का मला. आई म्हणते नेटवर्क गेलं असेल, पण नेटवर्क गेल्यावर कोणी नाक ओढत नाही. फोनवर सांगायला गेलो की आई मधेच बोलते नाहीतर कुकरची शिट्टी होते, म्हणून आता एका बोटानं टाइप करतोय, चुका सांभाळून घे.

तुझं म्हणणं, मी मोचाला त्या कुत्र्यांची पिल्लं काढून विकणाऱ्यांच्या शेडमधून सोडवून आणली, दहा दिवस रजा काढून तिच्याजवळ जमिनीवर झोपले, आणि आता माझा आवाज आला की ती दिवाणाखाली पळते आणि बाबांजवळ मात्र झोपते. अगं कसली जवळ झोपते! तो फोटो नीट बघ. ती माझ्या चपलांवर डोकं ठेवून झोपलीय, मी आंघोळीला गेलो होतो. चपलांपर्यंत यायला तिला अडीच महिने लागलेत, तेही पाय आत नसलेल्या चपला. आणि फोनमधून आवाज येतो पण माणूस नाही, वास नाही, तिनं काय समजायचं?

आता माझा एक गुन्हा, तुला सांगितला नव्हता. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे न्यायचं होतं, ही दिवाणाखालून निघेना, मी आपलं मानेला धरून ओढली बाहेर. केकाटली नाही, चावली नाही, ताठ झाली लाकडासारखी आणि जागेवर मुतली. चावली असती तर बरं वाटलं असतं. नंतर डोक्यात आलं, सहा वर्षं पिंजऱ्यात हात आला की एकतर पिल्लू उचललं जाणार नाहीतर सुई टोचणार, हाताचा तिसरा अर्थ तिला माहीतच नसणार. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं, पुढचे दात गज चावून चावून पार झिजलेत, पंजे जाळीवर उभं राहून फाकलेत. गर्भाशय काढलं ते वेळेवर झालं म्हणाले, आत पू धरायला लागला होता.

तेव्हापासून ओढणं बंद. कंडक्टरकीची एक सवय कामाला आली बघ. तिच्या खोलीत शिरायच्या आधी मी दाराच्या कडीवर किल्ली दोनदा वाजवतो, टिंग टिंग, डबल बेल, मग दोन मिनिटं थांबून आत. अचानक कोणी आत येत नाही हे तिला कळायला पंधरावीस दिवस लागले, पण आता बेल झाली की कान हलतात आणि पळत नाही. आत गेल्यावर तिच्याकडे बघायचं नाही. पाठ करून बसायचं, पेपर वाचायचा, उकडलेल्या चिकनचा तुकडा मागे ठेवायचा आणि विसरायचं. खाल्लं का म्हणून वळून बघितलं की संपलं, तास गेला! आईला हे जमत नाही, ती "खा गं बाय माझी" करत ताटलीसकट पुढे सरकते.

फरशीवर पाय घसरायचे म्हणून स्वयंपाकघरापासून मागच्या अंगणापर्यंत जुनी रबरी पायपुसणी आणि आईच्या दोन गोधड्या अंथरल्यात, घर म्हणजे बाळंतिणीची खोली झालंय. ती तेवढ्याच पट्ट्यावरून चालते, एस्टीच्या रूटसारखं. अंगणातल्या गवतावर पहिल्यांदा पाय टेकला तेव्हा एकेक पाय झटकत होती. शी-शू अजून कुठेही होते, कारण जिथं झोपायचं तिथंच करायची सवय लावलीय लोकांनी, ओरडून काही उपयोग नाही. उठल्यावर आणि खाल्ल्यावर लगेच बाहेर न्यायचं, बाहेर केलं की तुकडा द्यायचा, एवढंच करतोय. दहातल्या सहा वेळा जमतं, आधी शून्य होतं.

ती तासन्‌तास भिंतीकडे टक लावून बसते त्यानं मी घाबरलो होतो, डोक्यावर परिणाम झाला की काय. मग तू पाठवलेला तो अमेरिकेतला 2011 चा अभ्यास तुझ्या आत्याच्या पोराकडून समजून घेतला. अशा पिल्लं काढायच्या कारखान्यातून सुटलेल्या हजाराहून जास्त कुत्र्यांची माहिती काढलीय, त्यात हेच सगळं, भीती जास्त, घरात घाण करणं जास्त, टक लावून बघणं जास्त, आणि अंगावर धावून जाणं उलट कमी. म्हणजे आपली मोचा वेडी नाही, असल्या सगळ्यांचं असंच होतं. जरा धीर आला.

राग मात्र जात नाही. 2017 साली केंद्रानं ब्रीडरसाठी, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यांसाठी, नियम केलेत, नोंदणी पाहिजे, मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय वीण नाही, वर्षातून एकदाच, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. वाचायला झकास. आणि 1960 च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये, आमच्याकडे विनातिकीट सापडलेल्याला यापेक्षा जास्त बसतो. पण लोकंही तशीच, व्हॉट्सॅपवर फोटो बघून पिल्लू घेतात, याची आई कुठंय दाखवा असं एकानं विचारलं असतं तर ते शेड चाललं नसतं.

हो, शेजारच्यांचा काळू रोज फाटकाशी येतो, त्याचा फार उपयोग होतोय. तो माझ्या हातून भाकरी घेतो आणि ही लांबून बघते. परवा त्याच्या मागे लपून दोन पावलं आली. माणसाचं ऐकत नाही पण गावठी कुत्र्याचं ऐकते, शहाणी आहे.

दिवाळीत येतेस ते ऐकून आईनं चकलीचा सोऱ्या आत्ताच काढलाय. मोचासाठी मधली खोली ठरवलीय, खिडक्या बंद, पंखा आणि रेडिओ मोठ्यानं, फटाके वाजायच्या आधीच संध्याकाळचं फिरणं उरकायचं. बाहेर नेताना छातीभोवतीचा हार्नेस आणि गळ्यातला पट्टा दोन्ही, दोन दोऱ्या, एक सुटली तर दुसरी हातात. घाबरून पळाली तर हाक मारून येणारी नाही ही. नंबरचा बिल्ला गळ्यात आहेच, त्यावर माझा नंबर आहे, तुझा बंगळुरूचा काय कामाचा.

आणि तू आल्याआल्या तिला मिठी मारायला जाऊ नकोस. तुला राग येईल, येऊ दे. पहिले दोन दिवस तू घरात पाहुणी, बॅग ठेव, तुझा तो जुना टीशर्ट दिवाणाजवळ टाक, पाठ करून लॅपटॉप उघडून बस. वास आठवायचा असेल तर तिचा तिला आठवेल. या खेपेला नाही आठवला तर पुढच्या खेपेला.

बस पहाटे येणार ना? बॉम्बे रेस्टॉरंट चौकात उतरलीस की मिस्ड कॉल दे. घरची बेल दाबू नको, ती दचकते. मी फाटकाशी उभा राहतो, किल्ली तुझ्या हातात देतो, टिंग टिंग तूच वाजव.

बाबा