अभ्यासक्रम कोणी ठरवला, हे इतिवृत्तात लिहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पदवीचे सत्र सुरू झाले तरी काही विषयांचा अभ्यासक्रम महाविद्यालयांत पोहोचलेला नाही, अशी बातमी आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात वाचली. तीत प्राचार्य विद्यापीठाकडे बोट दाखवतात आणि विद्यापीठ अभ्यास मंडळाकडे. मंडळातले कोणी बोललेले दिसले नाही. मी अशा एका मंडळावर एक मुदत काढली आहे. एकतीस वर्षे भूगोल शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ प्रमाणे दर विषयाला एक अभ्यास मंडळ असते. बी.ए.च्या, बी.एस्सी.च्या वर्गात काय शिकवायचे याचा मसुदा तिथे तयार होतो, मग तो विद्याशाखेत, म्हणजे जवळच्या विषयांच्या एकत्रित मंडळात जातो, तिथून विद्या परिषदेत, म्हणजे शैक्षणिक बाबींच्या मुख्य मंडळात. महाविद्यालयांतल्या विभागप्रमुखांनी निवडून दिलेले तिघे मंडळावर असतात, बाकीचे बहुतेक नामनिर्देशित किंवा स्वीकृत. विद्याशाखेचे प्रमुख, म्हणजे अधिष्ठाता, पूर्वी निवडून येत, या कायद्याने ते नेमले जाऊ लागले. निवडून आलेल्या तिघांत मी होतो. मतदार मोजके, प्रचार सगळा फोनवर. खरे सांगायचे तर संघटनेच्या पॅनेलमध्ये नाव होते म्हणून आलो. अभ्यासक्रमाबद्दल तुमचे म्हणणे काय, असे एकाही मतदाराने विचारले नाही, आणि तेव्हा मला त्याचे नवलही वाटले नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम करायची वेळ आली ती आमच्याच मुदतीत. स्वायत्त महाविद्यालयांना आणि विद्यापीठाच्या विभागांना तो २०२३-२४ पासून लागू व्हायचा होता, संलग्न महाविद्यालयांना २०२४-२५ पासून. सभेत आमच्यापुढे एक तक्ता आला. मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्ये, भाषा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशा गटांचे रकाने: मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, ओजेटी. एका सत्राला २२ क्रेडिट, तीन वर्षांना १३२, चौथे वर्ष केले तर १७६. रकाने वरूनच आखून आलेले, आम्ही फक्त भरायचे. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३०. भूरूपशास्त्र, हवामानशास्त्र आणि सागरविज्ञान हे तिन्ही दोन क्रेडिटच्या, म्हणजे ३० तासांच्या, एका पेपरात बसवायचे होते. सुट्ट्या, परीक्षा आणि स्नेहसंमेलन वजा जाता त्या तिसांचे किती उरतात हे शिकवणाऱ्याला विचारा. मी म्हटले, हे बसत नाही. उत्तर आले, "सर, रकाना दोनचाच आहे."

त्याच सभेत टोपोशीटचे प्रात्यक्षिक गेले. भूगोलाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. सर्वे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा मुलांपुढे पसरायचा. त्यावर दर २० मीटर उंचीला एक तपकिरी समोच्च रेषा असते. पहिले दोन-तीन आठवडे मुलांना तो नुसता गुंता वाटतो. मग एक दिवस कोणीतरी रेषांवर बोट ठेवून विचारते, "सर, इथे रेषा दाटल्यात म्हणजे कडा आहे का?" त्या दिवसापासून त्या मुलाला कागदावर डोंगर दिसू लागतो, आणि पुढे कुठलाही नकाशा त्याला परका राहत नाही. हे दोन तासांत होत नाही. व्हिडिओ दाखवूनही होत नाही, मी तोही प्रयोग करून पाहिला आहे.

एका तरुण सदस्याचे म्हणणे होते की हा वेळ जीआयएसला, म्हणजे संगणकावरच्या नकाशांना, द्यावा, मुलांना नोकऱ्या त्यातच आहेत. त्याचे चुकीचे नव्हते. माझे म्हणणे असे की ज्याला समोच्च रेषा वाचता येत नाही तो संगणकावरही नुसते बटण दाबत राहील. वाद घालण्याजोगा प्रश्न होता, आणि मंडळ असते ते यासाठीच. वाद दहा मिनिटे चालला. त्यानंतरचा दीड तास वर्कलोडला गेला. कोणता पेपर ठेवला तर कोणाचे आठवड्याचे सोळा तास भरतात, कोणता काढला तर कोणाचे पद अतिरिक्त ठरते, याचा हिशोब. यात कोणाला नावे ठेवायला मी बसलेलो नाही. माझ्या शेजारच्या सदस्याच्या विभागात एकच पूर्णवेळ शिक्षक उरला होता, बाकी तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते मानधन मिळणारे. त्या माणसाला भूरूपशास्त्राची काळजी करा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? पण अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकार आमच्या हातात आला तेव्हा आम्ही त्याचे हेच केले. संदर्भसूचीत मंडळाच्या सदस्यांचीच पुस्तके शिरतात, हेही कबूल करून टाकतो. माझे एक आहे.

विद्याशाखेच्या सभेला मी नव्हतो. आमचे अध्यक्ष होते. ते सांगत, आपला विषय पुकारायला जेवढा वेळ लागला तेवढ्यातच मंजूर झाला.

निवृत्तीनंतर मी माहितीच्या अधिकारात मंडळाच्या त्या सभेचे इतिवृत्त मागवले. दहा रुपयांचा अर्ज, महिनाभराने दोन पाने हातात. टोपोशीटबद्दल त्यात अक्षर नाही, जीआयएसबद्दल नाही, दोन क्रेडिटच्या पेपरवर मी घेतलेली हरकतही नाही. "प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमाचा मसुदा सर्वानुमते संमत करण्यात आला." खाली उपस्थितांच्या सह्या. तिसरी माझी आहे.

देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) विद्यापीठांच्या स्वायत्ततेची मुख्य क्षेत्रे तीन सांगितली होती: विद्यार्थ्यांची निवड, शिक्षकांच्या नेमणुका व बढत्या, आणि अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती व संशोधनाचे विषय ठरवणे. आयोगाचे सदस्य-सचिव आपले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक होते, म्हणून मराठी माणसाने तरी हे विसरू नये. विद्यार्थ्यांची निवड त्यात पहिली आहे. आज तिचे काय आहे? बी.ए., बी.कॉम.ला बारावीच्या गुणांची यादी लागते, आणि एका परीने ते बरेच आहे. मी प्रवेश समितीवर बसलो आहे. "या मुलाचे जरा बघा" अशा चिठ्ठ्या कुठून कुठून येतात ते मला माहीत आहे, आणि गुणांची यादीच मला त्या चिठ्ठ्यांपासून वाचवत आली. तेव्हा प्राध्यापकांनी तोंड बघून प्रवेश द्यावेत असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. पण कसोटी कोणती लावायची, हे ठरवताना तरी शिकवणारा तिथे हवा.

२०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्या प्रवेशासाठी सीईटी लागली. अनेक महाविद्यालयांनी काय केले? बीएमएसचे नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) ठेवले, म्हणजे सीईटी नको. ज्यांनी नाव बदलले नाही त्यांच्या जागा रिकाम्या राहू लागल्या, मग त्याच वर्षी सीईटी पुन्हा घ्यावी लागली. व्यवस्थापन शिकायला येणाऱ्या मुलात काय पाहावे, या प्रश्नावर सबंध प्रकरणात कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. माझ्या ओळखीच्या वाणिज्य शिक्षकांपैकी एकालाही कोणी विचारले नव्हते. त्यांनाही बातमी वर्तमानपत्रातूनच कळली.

हे आपल्याकडेच होते असे नाही. दिल्ली विद्यापीठात चार वर्षांची पदवी २०१३ साली आली, जून २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आदेशाने गेली आणि २०२२ मध्ये परत आली. मधल्या मध्ये एका तुकडीने प्रवेश चार वर्षांच्या पदवीला घेतला आणि बाहेर पडली तीन वर्षांची घेऊन. आणि २०१० मध्ये मुंबई विद्यापीठात एका विद्यार्थी संघटनेच्या मागणीवरून बी.ए.च्या इंग्रजी अभ्यासक्रमातली एक कादंबरी कुलगुरूंनी तातडीच्या अधिकारात वगळली, ते अनेकांना आठवत असेल. तातडीचा अधिकार कायद्यात आहे, तो असावाही. पण कादंबरीला कसली आली आहे तातडी?

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत शिकवतो. त्याने मला कॅलिफोर्निया विद्यापीठातली एक हकीकत सांगितली. तिथे प्रवेशाच्या अटी आणि अभ्यासक्रम ठरवण्याचे काम १९२० पासून प्राध्यापकांच्या सभेकडे आहे, प्रवेशाच्या अटींना अंतिम मान्यता मात्र नियामक मंडळाची. एसएटी ही प्रवेशपरीक्षा ठेवावी की नाही यावर प्राध्यापकांच्या समितीने २०२० साली सविस्तर अहवाल दिला. परीक्षा तूर्त बंद करू नये, असे प्राध्यापकांच्या सभेने कळवले. मे महिन्यात नियामक मंडळाने ती टप्प्याटप्प्याने काढून टाकायचा निर्णय घेतला. म्हणजे लेखी अधिकार असूनही प्राध्यापक हरलेच. मला हेवा वाटला तो निराळ्याच गोष्टीचा. समितीचा अहवाल कोणालाही वाचता येतो. आकडेवारी कोणती पाहिली, कोणाचे मत वेगळे पडले, का पडले, सगळे त्यात आहे. उद्या कोणाला वाटले की निर्णय चुकला, तर कुठून चुकला ते त्याला शोधता येईल. आमची दोन पाने घेऊन कोण काय शोधणार?

म्हणून माझी मागणी लहान आहे, आणि तिला नवा कायदा लागत नाही. प्रत्येक अभ्यास मंडळाचे इतिवृत्त विद्यापीठाच्या संकेतस्थळावर यावे, आणि त्यात काय काढले, काय घातले, त्याची कारणे काय आणि विरोधात कोण होते हे नावानिशी असावे. ज्याचे पुस्तक संदर्भसूचीत आहे त्याने ते सभेत सांगावे आणि तशी नोंद व्हावी. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना मंडळावर जागा नाही हे मला कळते, पण निम्मे वर्ग तेच घेतात, तेव्हा मसुद्यावर त्यांचे लेखी म्हणणे तरी मागवावे. वर्कलोडची चर्चा वेगळ्या दिवशी ठेवावी. ती महत्त्वाची आहे, पण अभ्यासक्रमाच्या डोक्यावर बसवली की दोन्हींचे वाटोळे होते.

वरच्या वर्गांचे सगळे अभ्यासक्रम अजून आलेले नाहीत. मसुदा मंजुरीला जाण्याआधी निदान महिनाभर महाविद्यालयांकडे राहू द्यावा. भूगोलाच्या मसुद्यावर माझे म्हणणे मी पाठवणार आहे. टोपोशीटला पंधरा तास तरी परत मागेन, आणि नाकारले तर कारण लेखी मागेन.

आपला,
एक निवृत्त भूगोल प्राध्यापक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)